खिशातला फ्यूज

महिपती पडवळ विजेच्या कामासाठी कुणाच्या घरी आला की आधी मेन बंद करायचा. मग फ्यूज काढून घरच्या बाईच्या हातात द्यायचा. आणि एवढं करूनही पिशवीतून स्वतःचा एक दिवा बाहेर काढायचा. साधा काचेचा दिवा, त्याला दोन वायरी. त्या वायरींची टोकं तो मेलेल्या तारांना लावून बघायचा. दिवा लागला नाही की मेनच्या अलीकडच्या जिवंत तारेला लावायचा, म्हणजे दिवाच गेलेला नाही ना हे कळावं. मग पुन्हा मेलेल्या तारांना. हे सगळं होईपर्यंत चहा गार व्हायचा आणि घरमालक तापायचा.

लोणावळ्याच्या बाजारातली माणसं त्याची टवाळी करायची. "आले वैद्यबुवा, आता तारेची नाडी बघणार," असं म्हणून खिदळायची. मी तिथे असलो तर त्यांना झापायचो. माझा स्वभाव चिडका आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे. पण त्या दिव्यामागे काय आहे हे मला माहीत होतं, आणि हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनाही माहीत होतं. माहीत असून हसायचे, म्हणून तर डोकं फिरायचं.

मी दत्तोबा पेंटर. दुकानांच्या पाट्या, नाटकाचे पडदे, बंगल्यांची नावं रंगवून पोट भरलं. महिपती मूळचा कुरवंड्याचा. घरी थोडी भातशेती, दोन म्हशी, आणि डोळ्यांसमोर उभा नागफणीचा सुळका. घाटातली गाडी विजेवर चालायला लागली त्या सुमारास तो रेल्वेच्या सबस्टेशनात खलाशी, म्हणजे हरकाम्या, म्हणून लागला. शिक्षण बेताचं. पण जे दिसेल ते डोळ्यांनी गिळायचं आणि घरी येऊन हातांनी करून बघायचं, ही त्याची खोड. घरात मोडक्या घंटा, जुन्या मोटारींच्या कॉइली, तांब्याच्या तारांची भेंडोळी यांचा उकिरडा झालेला. बायको कस्तुराबाई म्हणायची, "ह्यास्नी जेवायला ताट नको, तारंचं येटोळं वाढा."

अशा माणसाला दुसरा तसाच भेटला नसता तर तो कदाचित सुधारला असता. पण भेटला. नसीर तांबोळी. खंडाळ्याच्या एका शेठजींच्या बंगल्यावर मोटार चालवायचा आणि बाजारात त्याचं मोटारींच्या, रेडिओच्या बॅटऱ्या भरून द्यायचं एक खोपटाएवढं दुकान होतं. त्याची पाटी मीच रंगवली होती. उंच, हाडकुळा, उन्हाळ्यातसुद्धा अंगात खाकी कोट. बोलायला गोड आणि कामात इतका काटेकोर की त्याच्याबरोबर काम करताना मला शिव्या द्यायची सोय नसे. दोघांना एकच खूळ लागलं होतं. विजेपासून ठिणगी काढायची. मोठी, लांब, कडाडणारी.

त्यासाठी लागतो ट्रान्सफॉर्मर. आम्ही त्याला पेटी म्हणायचो. एका बंद पडलेल्या गिरणीतली तेलात बुडवलेली एक पेटी नसीरने मुंबईच्या भंगारातून आणली. महिपतीने मला समजावलं ते असं : पेटीला दोन बाजू असतात. एका बाजूने घरातली वीज घालायची, दुसऱ्या बाजूने ती कित्येक पट चढून बाहेर येते. आत जाताना दोनशे-सव्वादोनशे व्होल्ट, बाहेर येताना हजारांत. मधे कुठे तार जोडलेली नाही, दोन वेटोळी नुसती शेजारी शेजारी. "आन् तरीबी चढती, दत्तोबा!" असं म्हणताना त्याचे डोळे असे चमकायचे की मला भीती वाटायची.

भीती त्यांनाही होती. ती दोघं येडी होती, मूर्ख नव्हती, हे मी आजही ठणकावून सांगेन. पेटीकडे हात करायचा तर दुसरा हात पाठीमागे. पायाखाली कोरडी फळी. वीज आत जाण्याच्या वाटेवर मिठाच्या पाण्याचं मडकं, म्हणजे ती एकदम उसळू नये. आणि सगळ्यांत मोठा नियम फ्यूजचा. तो महिपतीने सबस्टेशनात शिकलेला. तारेवर काम करणाऱ्याने तिचा फ्यूज काढायचा आणि तो कुठे बाजूला न ठेवता खिशात घालायचा. काम संपेस्तोवर तो खिशातच. मग मागून कुणी येडागबाळा आला तरी वीज चालू करू शकत नाही.

हा नियम महिपतीने आणला, पण पाळला नसीरने. महिपती एखाद्या वेळी घाईत विसरायचा आणि नसीरच्या शिव्या खायचा. नसीर कधीच विसरला नाही. तो चिनी मातीचा फ्यूज ओढायचा, कोटाच्या डाव्या खिशात टाकायचा, वरून दोनदा थोपटायचा आणि मगच हात पुढे करायचा. आम्ही त्याची नक्कल करायचो. बाजारात चहा प्यायला बसलो की कुणीतरी म्हणायचं, "नसीरभाई, फ्यूज घेतला का खिशात?" तो हसून खिसा थोपटायचा.

बाजारातल्या गणपतीचं मंडळ हौशीराम या किराणा दुकानदाराच्या हाती होतं. त्याला या ठिणगीचा सुगावा लागला. त्या वर्षी देखावा ठरला गोवर्धनाचा. कृष्णाने डोंगर उचललेला, खाली गुरंढोरं, गोप-गोपी, आणि वरून इंद्र विजा टाकतोय. डोंगर मी रंगवला. लोक म्हणाले की गोवर्धन हुबेहूब नागफणीसारखा दिसतो. मी दुसरा डोंगर आणू कुठून? पण त्या नागफणीवर नसीरच्या पेटीतून खरी वीज कडाडली तेव्हा माणसं किंचाळली, पोरं रडली, आणि आमचं मंडळ तळेगावपर्यंत गाजलं.

पुढच्या वर्षी हौशीरामची भूक वाढली. पलीकडच्या आळीने म्हणे मुंबईहून काही यंत्र मागवलं होतं. "गेल्या सालची वीज सुतावानी व्हती," तो म्हणाला. "आवंदा दोरखंडावानी पाहिजेल." महिपतीच्या डोक्यात आधीपासूनच किडा वळवळत होता. त्याच भंगारवाल्याकडे त्याच घडणीची दुसरी पेटी पडलेली होती. दोन्ही पेट्यांना वीज द्यायची, दोघींची चढलेली टोकं एकत्र बांधायची, म्हणजे ठिणगी जाडजूड होणार.

नसीर तयार होईना. दोन पेट्या जोडायच्या म्हणजे त्यांची तोंडं एका दिशेला हवीत, नाहीतर दोघी एकमेकींवर उलटतील, असं त्याचं म्हणणं. ते बरोबर होतं. महिपतीने मग ते काम इतकं जपून केलं की बघत राहावं. दोघींचं एकेक टोक जोडलं, आणि उरलेली दोन टोकं लांब कोरड्या बांबूने एकमेकांच्या जवळ नेली. ठिणगी उडाली, म्हणजे तोंडं उलटी. सगळं बंद केलं, एकीच्या तारा फिरवल्या, पुन्हा बांबू पुढे केला. काही उडालं नाही. म्हणजे जुळली. नसीरने त्याची पाठ थोपटली आणि आम्ही तिघांनी भजी खाल्ली. दोन पेट्यांना दोन वेगळे फ्यूज बसवले. अदलाबदल नको म्हणून मी डाव्या पेटीच्या फ्यूजवर तांबडा ठिपका दिला आणि उजवीच्या फ्यूजवर निळा. नसीर म्हणाला, "आता एक बिघडली तर तिचाच फ्यूज खिशात घालायचा, दुसरीवर खेळ चालू."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

भाद्रपदातलं लोणावळं कसं असतं ते वेगळं सांगायला नको. मांडवाच्या मागे चिखल झाला होता, त्यावर फळ्या टाकलेल्या. दिवेलागणीला देखावा सुरू झाला. मी लोकांत पुढे उभा होतो, स्वतःच्या डोंगराकडे बघत. डोंगराच्या मागे एका टोकाला महिपती बटणापाशी, दुसऱ्या टोकाला नसीर पेट्यांपाशी. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. इंद्र गरजला की महिपती बटण दाबायचा आणि नागफणीवर खरोखर दोरखंडाएवढी वीज कडाडायची. हौशीराम खुशीने नाचत होता.

मधेच डाव्या पेटीतून चरचर आवाज यायला लागला. आत जाणारी तार जिथे स्क्रूने आवळलेली होती तिथे ती सैल झाली होती. महिपती ओरडला, "थांबवू का रं?"

"नको, लोक उठतील," पलीकडून नसीर म्हणाला. "उजवीवर चालव. डावीचं मी बघतो."

ढोल वाजत होते. इंद्र पुन्हा गरजला, महिपतीने बटण दाबलं, वीज कडाडली. आणि या वेळी डोंगराच्या मागे काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. महिपती धावला. नसीर फळीवरून घसरून चिखलात पडला होता, हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच. महिपतीने काठीने मेन पाडला आणि त्याला ओढून बाहेर काढलं. त्याची छाती दाबली, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, हाका मारल्या. डॉक्टर आला आणि मान हलवून गेला. डोंगरापुढे बसलेल्या बऱ्याच लोकांना काही कळलंच नव्हतं. ते वीज पुन्हा कधी पडते याची वाट बघत बसले होते.

मग मंडळवाल्यांचं धाबं दणाणलं. वीज कुणाच्या परवानगीने घेतली, असं पोलिसांनी विचारलं तर? पोलीस यायच्या आत त्यांनी फ्यूजची फळी उपटून विहिरीत टाकली आणि दोन्ही पेट्या माझ्या रंगाच्या खोलीत पडद्यांखाली दडपल्या. मला कुणी विचारलंदेखील नाही. मी हौशीरामला नको नको ते बोललो, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

जमादाराने महिपतीला विचारलं की हे झालं कसं. महिपती चिखलातच बसून होता. तो म्हणाला, "डावीचं बगतो म्हनला. फ्यूज काढायचं इसरला आसंल. न्हाईतर वीज येनार कुटनं?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटलं, मलाही तसंच वाटलं. मला तर मेलेल्या नसीरचा रागच आला. जन्मभर खिसा थोपटलास आणि नेमका याच वेळी विसरलास? प्रकरण मिटलं. स्वतःच्या हलगर्जीपणाने मृत्यू.

पण विसरला या शब्दाला पाय फुटले. कधीच न विसरणारा माणूस विसरला कसा? मग कुणीतरी म्हणालं की त्याचं ध्यान नसणार. मग कुणी म्हणालं की त्याला पडवळाच्या म्हशींनीही हुंगला नसता असा दारूचा वास येत होता. महिना गेला नाही तोच सगळ्या बाजारात झालं की नसीर तांबोळी त्या दिवशी पिऊन होता. ज्या माणसाने आयुष्यात थेंबाला हात लावला नाही तो. त्याची मुलगी जैतून हिची सोयरीक कान्हे गावातल्या एका घरी ठरली होती. मुलाच्या बापाने निरोप पाठवला की दारुड्याच्या घरातली मुलगी आम्हाला नको.

नसीरची बायको अकबरी इद्दतीत होती. नवरा गेलेल्या बाईने ते चार महिने आणि वर दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. त्यामुळे ती आत बसून सगळं ऐकत होती आणि तिला एक शब्द बोलता येत नव्हता. महिपती चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेला तो ओट्यावर बसूनच परत आला. पिऊन असल्याची गोष्ट त्याच्या कानावर आली तेव्हा तो सांगणाऱ्याच्या अंगावर धावून गेला. "प्याला न्हवता, नुस्ता इसरला व्हता!" असं तो प्रत्येकाला सांगत सुटला. त्याला वाटत होतं की तो मित्राची बाजू घेतोय.

इद्दत संपली ती पौषात. अकबरीने दुकान मोडायला काढलं. पाटी पुसून द्यायला मला बोलावलं आणि दुकानातल्या सामानाची वासलात लावायला महिपतीला. मोहल्ल्यातले वडीलधारे अब्दुलचाचाही आले होते. नसीरच्या मयताला आंघोळ त्यांनीच घातली होती. मी शिडीवर चढून नसीरचं नाव खरवडत होतो. अकबरी दारात आली, डोक्यावरून पदर, आवाज कोरडा. तिने एका रुमालाची गाठ सोडून महिपतीपुढे धरली.

"आंघुळीच्या वक्ताला कोटात गावलं म्हून चाचांनी दिलं," ती म्हणाली. "ह्याच्यासंगं चाव्या व्हत्या, त्या घरच्या हायेत. हे कशाचं हाय? दुकानातलं आसंल तर घ्या ठिवून."

रुमालात चिनी मातीचा फ्यूज होता. त्यावर माझ्या हाताचा तांबडा ठिपका.

मी शिडीवरून उतरलो. महिपतीने तो फ्यूज हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "कंच्या खिशात गावला, चाचा?"

"डाव्या," अब्दुलचाचा म्हणाले. "मला वाटलं, मोटारीचा काही भाग."

महिपतीने ठिपक्यावरून अंगठा फिरवला. मग जे बोलला ते आमच्याशी नव्हतं. "मंग वीज आली कुटनं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही पेट्या माझ्या खोलीतून हातगाडीवर घालून त्या दुकानात आणल्या. महिपतीने त्या दिवशीसारख्याच जोडल्या, तसंच मडकं, तशाच तारा, फ्यूजची नवी फळी. उजव्या पेटीला वीज दिली. डाव्या पेटीचा तांबडा फ्यूज त्याने मला दिला आणि खिशात घालायला सांगितलं. मग एक दिवा घेतला, त्याच्या वायरी एका काठीला बांधल्या आणि लांबून डाव्या पेटीच्या त्या स्क्रूंना टेकवल्या. फ्यूज काढलेल्या, मेलेल्या बाजूला.

दिवा लागला.

फ्यूज माझ्या खिशात होता, मी वरून चाचपत होतो, आणि दिवा समोर जळत होता. महिपतीने काठी काढली, पुन्हा टेकवली. पुन्हा लागला. मग सगळं बंद करून तो भिंतीला डोकं टेकून उभा राहिला आणि मला समजावून सांगायला लागला, पहिल्या पेटीच्या वेळी सांगितलं होतं तसंच. फक्त डोळ्यांत ती चमक नव्हती. वीज उजव्या पेटीतून चढली. वर दोघींची टोकं बांधलेली. म्हणून ती डाव्या पेटीत वरच्या बाजूने शिरली आणि खाली उतरली. उतरून त्या सैल स्क्रूपाशी नसीरची वाट बघत थांबली. एकच पेटी होती तोवर फ्यूजचा नियम खरा होता. दोन जोडल्या त्या क्षणी तो खोटा झाला, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. नसीरने नियम पाळला. पाळला म्हणूनच तो बिनधास्त हात लावायला गेला.

"जोडल्या म्या," महिपती म्हणाला. "आन् इसरला म्हून सांगितलं बी म्याच."

हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. मी त्याला स्पष्ट म्हणालो की बाबा, विचार कर. तुझी नोकरी जाईल. पोलीस पुन्हा येतील. नसीर काही परत येत नाही. मी व्यवहाराचं बोलत होतो आणि त्यात खोटं काही नव्हतं. "पोरीची सोयरीक मोडली, दत्तोबा," एवढंच तो म्हणाला.

शुक्रवारी नमाजानंतर अब्दुलचाचांनी माणसं दुकानापाशी आणली. कान्ह्याहून मुलाच्या बापालाही बोलावून घेतलं. हौशीराम न बोलावताच आला. महिपतीने रस्त्यात दोरी बांधून सगळ्यांना तिच्यामागे उभं केलं. अकबरी दुकानाच्या आतल्या दारात, तिच्यामागे जैतून. महिपतीने डावीचा फ्यूज काढला, सगळ्यांना दाखवला आणि अकबरीपुढे धरला.

"भाभी, ह्यो तुमच्या मुठीत धरा. घट. आता ही पेटी मेली का न्हाई?"

"मेली," ती म्हणाली.

"नसीरभाईला बी त्येच वाटलं." त्याने काठी पुढे केली. दिवा लागला. दोरीमागची माणसं पुटपुटली, कुणीतरी मागे सरकलं. महिपतीचा आवाज आता सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल इतका मोठा झाला होता. "त्यो प्याला न्हवता. त्यो इसरला बी न्हवता. फ्यूज त्याच्या खिशात व्हता, आंघूळ घालनाऱ्यांनी काढला. ही पेटी म्हंजी घाट हाय. ज्या वाटंनं चढत्यात, त्याच वाटंनं उतरत्यात. मला निस्ता चढ दिसला. जोडनारा मी. त्याच्या माथी मारनारा बी मीच."

हौशीराम रागाने लाल झाला. "आरं, मंडळाचं नाव कशाला घालवतूस?" तो ओरडला. मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अकबरी त्या दिव्याकडे बघत होती. फ्यूजची मूठ घट्ट आवळलेली. "म्हंजी त्यांचं काय चुकलं न्हवतं," ती म्हणाली.

"न्हवतं, भाभी."

"मग इझवा त्यो," ती म्हणाली. "आन् जावा हितनं."

महिपतीने दिवा विझवला आणि तो गेला.

सांगायला बरं वाटलं असतं की सगळं नीट झालं. नाही झालं. कान्ह्याच्या माणसाने सगळ्यांसमोर कबूल केलं की आपण चुकीचं बोललो, पण मुलाचं तोवर दुसरीकडे ठरून गेलं होतं. जैतूनचं लग्न दोन वर्षांनी तळेगावात झालं आणि त्या मांडवात तिच्या बापाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं नाही, एवढं खरं. महिपतीला जमादाराने पुन्हा बोलावलं, दम दिला, सोडला. नोकरी मात्र गेली. कुरवंड्याची थोडी जमीन भावाच्या हवाली करून तो कस्तुराबाईला घेऊन बाजारात राहायला आला आणि घरोघरी विजेची कामं करायला लागला. पेट्या त्याने फोडल्या, तेल ओतून दिलं. ठिणगी काढायचं खूळ गेलं. पण तो दिवा तेव्हापासून त्याच्या पिशवीत राहिला.

अकबरी त्याच्याशी बोलायची नाही. रस्त्यात दिसला तर पदर पुढे ओढून निघून जायची. दर ईदला कस्तुराबाई त्यांच्याकडे जाऊन यायची, शेवया घेऊन यायची, महिपती त्या खायचा नाही. मी एकदा चिडून म्हणालो की अरे, तूच तर तिच्या नवऱ्याचं नाव धुऊन काढलंस. तो म्हणाला, "धुतलं खरं. मळवलं कुनी व्हतं?"

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी अकबरीच्या घरात वीज आली. तळेगावच्या जावयाने घेऊन दिली. पहिल्याच पावसाळ्यात भिंत ओलावली आणि बटणाला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. बाजारात तोवर विजेची कामं करणारे आणखी दोघे तिघे झाले होते, महिपतीपेक्षा झटपट आणि हसतमुख. अब्दुलचाचा माझ्याकडे आले आणि म्हणाले की अकबरीने महिपतीला बोलावलंय. तो एकटा जायला धजेना म्हणून मी बरोबर गेलो.

महिपती पार थकला होता. अकबरी दारातच उभी होती, केस पांढरे झालेले. तिने मेन आधीच पाडला होता. फ्यूज काढून मुठीत धरला होता. तिने मूठ उघडून त्याला दाखवली आणि पुन्हा मिटली.

महिपतीने मान हलवली, शिडी लावली आणि तसाच वर चढायला लागला. पिशवी खाली राहिली होती. मला वाटतं, तिच्यासमोर त्याला तो दिवा काढायची लाज वाटली असावी.

"भावजी," अकबरी म्हणाली. नसीर गेल्यापासून तिने त्याला कुठल्याच नात्याने हाक मारली नव्हती. "खाली उतरा."

तो उतरला. तिने पिशवी उचलली, आत हात घालून तो दिवा बाहेर काढला आणि त्याच्या हातात दिला.

"फ्यूज माझ्या मुठीत हाय," ती म्हणाली. "तरीबी लावून बगा. ह्या घरातलं आनकी कुनी मरायचं न्हाई."

महिपतीने दिवा लावून बघितला. लागला नाही. अलीकडच्या तारेवर बघितला, लागला. पुन्हा भिंतीवर बघितला. मग तो शिडी चढला, आणि ती मी दोन्ही हातांनी धरून ठेवली. काम संपेस्तोवर ती मूठ मिटून तिथेच उभी होती.